धोंडा धरावा की नाही

ठाणे, ता. १४ जून १८९३, बुधवार

कचेरीच्या रोजनाम्यात घडले तेवढे लिहावयाचे असते. वाटले ते लिहावयाचे नसते. नोकरीस लागल्यापासून हा नियम मी पाळला आहे. पुढील मार्चात पंचावन्न पुरी होऊन पेन्शन लागेल. तोपर्यंत वाटलेले लिहिण्याकडेही हात थोडा वळलेला असावा, एवढ्याच हेतूने ही दुसरी वही आजपासून घातली. ती कोणी वाचावी अशी माझी इच्छा नाही.

आज कल्याण तालुक्याच्या इन्कमटॅक्सच्या नोटिसा साहेबांच्या सहीस गेल्या. प्रत्येक नाव मी स्वतः ताडून पाहिले. नोटिशीतील शेवटचे वाक्य माझेच आहे. पूर्वीचे वाक्य ढिले होते. ते काढून सहा वर्षांपूर्वी मी हे घातले: 'ही नोटीस पोचल्यापासून तीस दिवसांचे आत हरकतीचा अर्ज न आल्यास आकार कायम झाला असे समजले जाईल.' त्यात एकही शब्द जास्त नाही.

एक नोटीस विश्रामशेट यांच्या नावची आहे. ते आमचे व्याही. कल्याणच्या बंदरावर त्यांची भाताची वखार आहे आणि माझी एकुलती कन्या सुमती दोन वर्षांपूर्वी त्या घरी दिली. वखारीतले सगळे भात त्यांच्याच मालकीचे धरून आकारणी झाली आहे. निम्मे भात दुसऱ्यांचे, अडतीवर ठेवलेले असते, हे मला ठाऊक आहे. पण व्याह्यांच्या पंगतीत कानावर आलेली गोष्ट हा पुरावा नव्हे. तीस दिवस असतात ते त्यासाठीच. ते येतील, अडतीच्या पावत्या दाखवतील, आकार निम्मा होईल. नाते मी साहेबांच्या कानावर घातले. ते हसून म्हणाले की मग या बिचाऱ्याने दयेची आशा सोडलेलीच बरी. घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या मनात घोळत होते आणि खरे सांगावयाचे तर सुखवीत होते.

ता. १६ जून, शुक्रवार

दगडू शिपाई कल्याणहून परतला. नोटिसा काल सर्वांना पोचल्या. पोचल्याच्या सह्या बरोबर आहेत.

दगडू बोलघेवडा आहे. न विचारता सांगू लागला, "तुमच्या व्याह्यांनी पान दिलं, रावसाहेब. नोटीस कपाळाला लावली न् म्हनले, आजपासून धोंडा लागला, आमच्यात धोंड्यात नवा कागद उलगडत नाय. कोनाड्यात ठेवली, वर एक सुपारी ठेवली, न् त्या नोटिशीलाच म्हनले, बस आता गप महिनाभर."

सही आणलीस तेवढे पुरे आहे, सुपारीचा मजकूर अहवालात नको, असे मी त्याला सांगितले.

काल अधिक आषाढ लागला हे खरे. अधिक महिन्यात शुभकार्य करीत नाहीत, नवे काम हाती घेत नाहीत. कल्याणच्या पेठेत तर वायद्याची मुदत मोजतानाही तो महिना धरीत नाहीत. त्या वहिवाटीवरून तंटा झाल्याचे कधी ऐकिवात नाही, कारण देणारा आणि घेणारा दोघेही ती पाळतात. परंतु सरकारी मुदत म्हणजे पेठेतला वायदा नव्हे. विश्रामशेट शहाणे गृहस्थ आहेत. त्यांना हे ठाऊक असलेच पाहिजे.

ता. २१ जून, बुधवार

सुमतीला दिवस गेले आहेत. पहिले बाळंतपण माहेरचे; सातव्या महिन्यात मुलीला आणावयाचे, कारण आठवा लागला की गरोदर बाईस वेस ओलांडू देत नाहीत. याविषयी व्याहीण हौसाबाई यांचा आज निरोप आला: आमच्या घरी धोंडा धरीत नाहीत, त्या हिशेबाने सातवा श्रावणात लागेल, तेव्हा न्यावे.

सौ. निवडत असलेले तांदूळ बाजूला सारून म्हणाली, "पोटातलं पोर धोंडा धरतं हो. हा महिना तुझा नव्हे, असं त्याला कोण सांगणार? मोजून पाहा, सातवा पुढच्याच महिन्यात लागतो."

मी मोजून पाहिले. तिचे बरोबर आहे. तथापि व्याह्यांच्या घरच्या रीतीत आपण बोट घालू नये, असे मी तिला समजावले. ती तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडू लागली.

ता. २ जुलै, रविवार

जावई हरिहर धोंड्याच्या जेवणास आले होते. सुमतीला बरे वाटत नसल्याने एकटेच आले. सौ.ने आठवडाभर खपून केलेले तेहेतीस अनारसे तांब्याच्या ताटात मांडले, वर निरांजन ठेवले. या दिवशी जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याने काही मागावयाचे नाही, आपण त्याला काही शिकवावयाचे नाही. जेवू घालावयाचे आणि वाण देऊन निरोप द्यावयाचा.

मुलगा मितभाषी आहे. आंब्यांचे, खाडीच्या पाण्याचे बोलणे झाले. मध्येच म्हणाला, "मामा, हल्ली कचेरीत काम फार असेल."

"असते," मी म्हणालो.

तो पानाकडे पाहू लागला. मीही पाहिले. सौ.ने तूप वाढले.

विश्रामशेट यांचा अर्ज अद्याप आलेला नाही आणि निम्म्याहून अधिक मुदत सरली आहे. पानावर बसलो असता हे मनात नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु नोटिसा पुष्कळांना गेल्या आहेत. त्यांपैकी कोणाला मी घरी बोलावून आठवण दिली? एका माणसाला, तो माझ्या लेकीचा सासरा म्हणून, इतरांपेक्षा एक शब्द जास्त सांगणे हीसुद्धा लाचच. घेणारा मी नसेन, देणारा असेन. तेव्हा बोललो नाही. या संयमाचे मला समाधान आहे.

निघताना हरिहर ते ताट घेऊन उंबऱ्यात थोडा वेळ थांबला. पावसाचा अंदाज घेत असावा. आकाश कोरडे होते.

ता. १५ जुलै, शनिवार

शेवटचा दिवस. अर्ज आला नाही. कचेरी सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत बसून राहिलो. कोणाची वाट पाहता, असे दगडूने विचारले. नोंदी मिटवावयाच्या आहेत, असे सांगितले. नोंदी दुपारीच मिटल्या होत्या.

ता. २० जुलै, गुरुवार

आज विश्रामशेट आले. नवे उपरणे, हातात पावत्यांची जुडी, चेहरा प्रसन्न. "गोपीनाथराव, धोंडा संपला, चांगला दिवस पाहून आलो. चांगले तीन आठवडे हातात राखून आलोय," असे म्हणत त्यांनी अर्ज माझ्यासमोर ठेवला.

मी मुदत शनिवारी संपल्याचे सांगितले. ती थट्टा वाटून ते हसले. माझ्या तोंडाकडे पाहून मग थांबले.

"म्हणजे तुम्ही धोंडा धरलात?"

मी म्हणालो की कायद्यात अधिक महिना नाही, निज महिना नाही. तीस दिवस आहेत. त्यांनी पावत्या उलगडून दाखवल्या. एकेक पावती स्वच्छ होती. अडतीचे भात कोणाचे, किती, सगळे लिहिलेले. त्या शनिवारी आल्या असत्या तर साहेबांनी पाच मिनिटांत आकार उतरवला असता. आता त्या पाहण्याचा अधिकार साहेबांनाही नाही. आधी अर्ज दाखल व्हावा लागतो. मुदतीनंतरचा अर्ज साहेब घेऊ शकतात, पण त्यास सबळ कारण लागते. काय कारण लिहू, असे त्यांनी विचारले. जे असेल ते, मी म्हणालो.

"कारण धोंडा. दुसरं कुठलं आणू?" असे म्हणून ते उठले. दाराशी गेल्यावर, जणू आताच आठवले असे, म्हणाले, "त्याच महिन्यात हरिहर तुमच्या पानावर जेवून गेला, नाही का?"

मी होय म्हणालो. अर्जावर आल्याची तारीख घातली आणि खाली 'मुदतीबाहेर' असे लिहिले. माझे अक्षर नेहमीसारखेच आले आहे.

ता. २२ जुलै, शनिवार

साहेबांनी अर्जावर माझे मत मागितले आहे. नात्यामुळे हे काम दुसऱ्याकडे द्यावे, अशी विनंती केली. ते म्हणाले की या शाखेत मुदतीवर तुझ्याइतके कोण जाणतो?

खरे आहे. सहा वर्षांतली माझी मते बासनात आहेत. एक जण सुतकात होता. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. एक मासळीचा व्यापारी मचव्यावर, समुद्रात होता. नोटीस त्याच्या भावाने घेऊन ठेवली. एक म्हातारा तापाने पडून होता आणि शुद्धीवर आला तो मुदतीनंतरच्या मंगळवारी. तिघांच्या अर्जांवर मी 'कारण सबळ नाही' असे लिहिले आणि ते कायम झाले. त्यांतला कोणी माझा व्याही नव्हता. मेलेल्या बायकोपेक्षा धोंड्याचा महिना अधिक सबळ आहे, असे आता कोणत्या तोंडाने लिहू? आणि न लिहू, तर पेठेची वहिवाट खरी असताना ती खोटी कशी म्हणू?

मुदत असावी की नसावी याविषयी माझ्या मनात कधी शंका नव्हती. मुदत नसेल तर कोणताच हिशेब मिटणार नाही, आजोबाच्या आकारावर नातू हरकत घेईल. मुदत निर्दय नसते. ती फक्त सर्वांस सारखी असते. हे वाक्य मी अनेक नवशिक्या कारकुनांस ऐकवले आहे.

दुपारी लिहिले: 'वहिवाट खरी आहे. तथापि पूर्वीचे दाखले पाहता कारण सबळ म्हणता येत नाही.' पूर्वीचे दाखले कोणाचे, हे लिहिण्याची आवश्यकता नव्हती.

ता. ३१ जुलै, सोमवार

अर्ज नामंजूर. आकार कायम.

ता. ३ ऑगस्ट, गुरुवार

विश्रामशेट यांचा गडी विठ्ठल अनारशांचे ताट परत देऊन गेला. ताट चांगले घासलेले होते. त्यात काही नव्हते. सौ. ते हातात घेऊन बराच वेळ ओटीवर उभी होती. जागेवर ठेवून दे, असे मी म्हणालो, तेव्हा म्हणाली, "रिकामं आलंय." मी म्हणालो की रिकामेच येणार, अनारसे एव्हाना संपले असतील. तिने ताट जागेवर ठेवले, पालथे.

ता. १३ ऑगस्ट, रविवार

काल श्रावण लागला. ठरल्याप्रमाणे सुमतीस आणावयास आजच जाणार होतो, परंतु मुंबईत दंगा उसळल्याच्या वार्तेमुळे कचेरीतील सर्वांच्या रजा बंद आहेत. सुटीच्या दिवशीही ठाणे सोडू नये असा हुकूम आहे. सौ.ने माजघराशेजारची खोली सारवून घेतली. बाज कसून ठेवली. शेगडी, ओवा, बाळंतशोपा सगळे आणले आहे.

ता. २० ऑगस्ट, रविवार

रजाबंदीचा हुकूम काल उठला; आज कल्याणास जाऊन आलो. एकटाच परत आलो.

विश्रामशेट यांनी पाट दिला, दूध दिले. आगतस्वागतात उणे नव्हते. सुमती आतल्या दाराशी आली, वाकून नमस्कार केला आणि तिथेच उभी राहिली. हरिहर वखारीवर गेला होता, असे सांगण्यात आले; पण त्याची वहाण ओटीवर होती.

मी विषय काढला. श्रावण लागला आहे, ठरल्याप्रमाणे मुलीस नेतो.

हौसाबाई म्हणाल्या, "आठवा लागला की हो. आठव्यात पोटुशीला वेशीबाहेर कशी काढायची?"

मी म्हणालो, "आपल्याकडे धोंडा धरीत नाहीत ना? त्या हिशेबाने हा सातवाच. निरोप आपलाच होता."

मग विश्रामशेट पानाला चुना लावता लावता शांतपणे म्हणाले, "होता खरा. पण धोंडा धरतात हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत, रावसाहेब. एवढी फी भरून शिकलेलं विसरायचं कसं?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आले असते. त्यांनी विडा माझ्यापुढे धरला आणि मी तो घेतला.

सबळ कारण असल्यास मुदतीनंतरही नेता येईल काय, असे विचारावे म्हणून तोंड उघडले होते. तेवढ्यात सुमतीने भिंतीचा आधार घेऊन पाय बदलला. तिच्याकडे पाहिल्यावर सातवा म्हणणे हे शुद्ध खोटे होते. मी विडा हातात घेऊन निघालो.

घरी आल्यावर सौ.ने बाजेवरची गोधडी घडी करून पेटीत ठेवली.

ता. ४ सप्टेंबर, सोमवार

वरून परिपत्रक आले आहे. ज्यांची पूर्वीच्या तीन सालांची आकारणी यंदाच्या मानाने कमी दिसते, त्यांची ती साले पुन्हा उघडावीत. यादी मी केली. विश्रामशेट यांचे नाव पहिले आले. यंदाच्या आकारावर त्यांची हरकत राहिली नाही. हरकत नाही म्हणजे मान्य. मान्य म्हणजे पुरावा. आणि त्या पुराव्याने मागची तिन्ही साले निम्म्याच आकारणीची ठरतात. युक्तिवादात कोठेही फट नाही. मी फट शोधली.

साहेबांना मी नम्रपणे विचारले की सरकारने मागे किती सालांपर्यंत जावे आणि कोणत्या दिवसापर्यंत मागणी करावी, याला काही मुदत आहे काय? ते म्हणाले, सरकारचे येणे शिळे होत नाही.

बाळकुमास आमचे एक खाचर आहे. तिथल्या खारबांधाला उघाडी असते, म्हणजे लाकडी झडप. ओहोटीस ती आतले पाणी बाहेर सोडते, भरतीस आपोआप मिटते. खाडीचे पाणी कितीही धडकले तरी आत येत नाही. झडप एकाच बाजूस उघडते म्हणून भात पिकते. ती दोन्ही बाजूंस सारखी नाही, हे मला आजवर कधी खटकले नव्हते. मी नेहमी बांधाच्या आत उभा होतो.

ता. ६ सप्टेंबर, बुधवार

मागील सालांच्या नोटिसांवर सह्या झाल्या. नोटिशीवर तारीख साहेब घालीत नाहीत. शिपायाच्या हाती देताना शाखेने घालावयाची असते. बाकीच्या सर्व आज गेल्या. विश्रामशेट यांची मी कपाटात ठेवली आहे.

सुमतीचे बाळंतपण त्या घरी व्हावयाचे आहे. अशा वेळी त्या घरात शिपाई जाणे बरे नव्हे. मोकळी झाली की नोटीस पाठवीन. यात नियमाचा भंग नाही. सही झालेली नोटीस किती दिवसांत पोचवावी, हे नियमात कोठेही लिहिलेले नाही. मी दोनदा पाहिले. प्रजेस मुदत आहे, सरकारास नाही, आणि या बाबतीत आज सरकार म्हणजे माझे कपाट.

विश्रामशेट यांस हे कळवावे काय? त्यांना थोडे बरे वाटेल, सुमतीसही कदाचित बरे वागवतील. पण कळवणे हाही एका माणसास जास्त सांगितलेला शब्दच. कळवीत नाही.

ता. १८ ऑक्टोबर, बुधवार

काल सकाळी विठ्ठल आला. "वहिनी परवा रातच्यापासून अडल्यात. शेटजींनी कळवायला सांगितलंय."

कोणी यावे, असे काही सांगितले आहे काय, मी विचारले. तो म्हणाला, "न्हाय. निस्तं कळव म्हनले."

सौ. आत गेली, शाल घेऊन बाहेर आली आणि त्याच्याबरोबर स्टेशनाकडे चालू लागली. मुलीच्या आईने व्याह्यांच्या घरी न बोलावता जाऊ नये, हे तिला माहीत नाही असे नाही. तिने मला विचारले नाही. मी थांब म्हणालो नाही. मग कचेरीत गेलो.

संध्याकाळी दगडू स्टेशनावरून निरोप घेऊन ओरडतच आला. मुलगी झाली; दोघी जिवंत आहेत. काल कचेरीत मी जे लिहिले ते आज मलाच वाचता येत नाही, तेवढी पाने पुन्हा लिहून काढली.

ता. २८ ऑक्टोबर, शनिवार

आज बारसे. रीतसर आमंत्रण होते. सौ. तिकडेच आहे. मी गेलो नाही. ज्याच्या नावची नोटीस आपल्या कपाटात आहे त्याच्या घरी पंगतीस बसणे योग्य नव्हे. कामाचे निमित्त कळवले. व्याह्यांस वाईट वाटले, असा सौ.चा निरोप आला. नोटीस बारशानंतर पाठवावी असा विचार होता. पण बाळंतिणीचा सव्वा महिना पुरा झाला नाही, तो होऊ द्यावा.

ता. २६ नोव्हेंबर, रविवार

सुमती आली. हरिहर पोचवून लगेच परत गेला. पंधरा दिवसांसाठी पाठवली आहे. नातीचे डोळे आमच्या सौ.सारखे आहेत. खोलीतली बाज पुन्हा कसली.

नोटीस इतक्यात पाठवता येत नाही. सुमती इथे असताना तिथे नोटीस गेली तर तिला परत नेतील की नाही, याचा भरवसा कोण देणार? आणि परत गेल्यावर पाठवली तर तिथे ती एकटी सापडेल. दोन्ही बाजूंनी विचार केला.

ता. ३ डिसेंबर, रविवार

दुपारी सौ. देवळात गेली होती. सुमती पाळण्याची दोरी ओढीत होती. मी अंगणाकडे तोंड करून बसलो होतो. तिने एकाएकी विचारले, "बाबा, धोंड्याच्या जेवणाला हे आले होते, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना, मुदत चालली आहे ते?"

"ठाऊक होते."

"मीच यांना सांगून पाठवलं होतं. म्हटलं, बाबांना एवढंच विचारा, सरकार धोंडा धरतं का. मला शंका होती. मामंजींनी यांना बजावलं होतं, तिथं कागदाची गोष्ट काढू नकोस, व्याह्यांना अवघडल्यासारखं होईल. हे म्हणाले, तरी विचारीन. मग उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथंच उभे राहिले."

पाळण्याची कडी किरकिरत होती. तिला तेल घालावयास हवे.

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

मी विचार केला. हो म्हणावे तर ती म्हणेल, मग न विचारता का नाही सांगितले? नाही म्हणावे, तर ते मी कोणाला सांगत आहे? मी म्हणालो, "विचारले नाही त्यांनी."

"हो," ती म्हणाली. "मामंजीही असंच म्हणतात. कोणाची चूक नाही म्हणतात." मग हसल्यासारखे करून म्हणाली, "सगळे किती चांगले वागलात तुम्ही."

पाळण्यातली मुलगी उठली. सुमतीने तिला पदराखाली घेतले आणि पाठ फिरवून बसली. मी तेलाची वाटी आणून कडीला तेल घातले.

ता. १० डिसेंबर, रविवार

हरिहर न्यावयास आला. मी म्हणालो की पंधरा दिवस उद्या पुरे होतात. तो ओशाळून म्हणाला, "मामा, आमच्या घरी इथं आल्याचा दिवसही धरून मोजतात." आमच्या मोजणीत पोचल्याचा दिवस धरीत नाहीत. तसे मी बोललो नाही.

या खेपेस सौ.ने त्या ताटात अनारसे घालून दिले. हरिहर उंबऱ्यात थांबला. मीही थांबलो. त्याच्या मागे सुमती मुलीला घेऊन उभी होती आणि आमच्या दोघांकडे पाहत होती. त्या क्षणी मी तीन सालांची गोष्ट सांगू शकलो असतो. पावत्या जपून ठेवा, एवढे म्हटले असते तरी पुरे होते. हरिहर म्हणाला, "येतो." मी म्हणालो, "या."

ता. ११ डिसेंबर, सोमवार

मागील सालांच्या नोटिसा सर्व गेल्या काय, असे साहेबांनी आज विचारले. एक राहिली आहे, असे मी सांगितले. कोणाची, ते त्यांनी विचारले नाही. घाई नाही, ती काही कुजत नाही, असे म्हणाले.

मार्चात माझी मुदत भरते. कपाटाच्या किल्ल्या त्या दिवशी दुसऱ्याच्या हाती द्याव्या लागतील आणि यादीवर टीप करावी लागेल. टीप कोणत्या शब्दांत करावी, यावर बराच विचार केला. पाठवली तर ती माझ्या हातून गेली असे होईल. ठेवली तर ती अजून आली नाही, एवढेच होईल; आज, उद्या, सुमतीच्या दुसऱ्या बाळंतपणात, केव्हाही. फाडता येत नाही. तिच्यावर सही आहे.

संध्याकाळी कपाट उघडून ती पुन्हा पाहिली. तारखेची जागा कोरी आहे. कागद घडीवर घडी घालून तळाच्या खणात ठेवला आणि वर एक सुपारी ठेवली.

हे कोठे नोंदलेले नाही.